अण्णांचे तीन कंपायलर

आमचे घरमालक मल्लिनाथअण्णा कुठलीही गोष्ट तीन माणसांना विचारल्याशिवाय खरी मानत नाहीत. किती वाजले हेसुद्धा. मनगटावर घड्याळ असतं, खिशात मोबाइल असतो, आणि तरी जिन्यात मला थांबवून विचारतात, "किती वाजले हो?" मी सांगितलं की तिसरं मत जुळल्याच्या समाधानानं पुढं जातात.

एकदा मी त्यांच्याबरोबर सोलापूरच्या नवी पेठेत शर्टाचं कापड घ्यायला गेलो होतो. मला एक गडद निळं कापड आवडलं. अण्णांनी दुकानदाराला मराठीत विचारलं, "रंग जाईल का?" दुकानदार म्हणाला, अजिबात नाही. मग त्यांनी कापड फाडणाऱ्या माणसाला तेच कानडीत विचारलं. तो म्हणाला, एखाद्या धुण्यात थोडा जाईल. मग कोपऱ्यात बसून ताग्यांच्या घड्या घालणाऱ्या म्हाताऱ्याला तेलुगूत विचारलं. म्हातारा गालातल्या गालात हसून काहीतरी पुटपुटला. तोवर मी पैसे देऊन मोकळा झालो होतो. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मी असतो तर घेतलं नसतं."

"मग सांगायचं ना आत."

"तुमी पहिल्याचंच ऐकून पाकीट काढलं की," अण्णा म्हणाले. "एकाचं ऐकून चालत नसतंय, नितीनराव. पहिला माणूस नेहमी आपल्या मनासारखंच बोलतोय."

त्या शर्टानं पुढं माझी सगळी बनियनं आकाशी केली. मी अजून ती घालतो आणि रंग मुद्दाम निवडला असं सांगतो.

घर भाड्यानं देतानासुद्धा त्यांनी हेच केलं होतं. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली तसा मी आई आणि बायकोसह सोलापूरला परत आलो. घर बघायला आलो तेव्हा अण्णांनी आम्हा तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, पुणं का सोडलं. मी म्हणालो, मातृभूमीची ओढ. आई म्हणाली, तिथलं पाणी मानवत नव्हतं. बायको म्हणाली, ह्यांना गाडी लावायला जागा सापडत नव्हती आणि रोज शेजाऱ्यांशी वाद व्हायचे. अण्णांनी क्षणभर विचार केला. अंगात बनियन, कपाळावर विभूती, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"बिल्ड होतंय," ते म्हणाले. "वॉर्निंगा हायत, पण चालतंय."

मी चमकलो. हे शब्द माझ्या धंद्यातले. दहा वर्षांच्या नोकरीचा तोरा मिरवत मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कंपायलर वगैरे माहीत आहे?" हा प्रश्न मी कुणाला विचारला होता ते मला पुढच्याच आठवड्यात कळलं आणि नंतर बरेच दिवस मी जिना उतरताना पावलं न वाजवता उतरायचो.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. प्रोग्रॅम माणूस लिहितो. मशीनला माणसाची भाषा कळत नाही. मध्ये बसून जो तिचा मशीनच्या भाषेत उलथा करतो तो कंपायलर. उलथा नीट पार पडला की आम्ही म्हणतो, बिल्ड झालं. तुम्ही काही चुकीचं लिहिलं असेल तर तो काम थांबवतो. काही संशयास्पद वाटलं तर काम करतो, पण कुरकुर करतो. त्या कुरकुरीला आम्ही लोक वॉर्निंग म्हणतो आणि न वाचता पुढं जातो. अण्णा वाचतात. आणि कंपायलर काही एकच नसतो. वेगवेगळ्या मशीनचे वेगवेगळे कंपायलर, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एकाला जे चालतं त्यावर दुसरा अडून बसतो.

अण्णा पूर्वी श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. कारखान्यानं नवी मशीनं घेतली तेव्हा जुनं मोठं मशीन भंगारात निघालं. अण्णांनी ते टेंपोत घालून घरी आणलं. अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आधी वाटलं फ्रीज आणला. दार उघडायला कुठं मूठ सापडेना तेव्हा त्यांना कळलं.

हे मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. तिचा स्वतःचा एक कंपायलर होता. अण्णा त्याला म्हातारी म्हणतात. म्हातारीला उकाडा सोसत नाही. सोलापूरचा उन्हाळा तर असा, की दुपारी नळाचं पाणी थेट चहाला घ्यावं. म्हणून खालच्या मागच्या खोलीत मशीनसाठी कूलर आहे आणि पुढच्या खोलीत अक्कांसाठी पंखा. अक्कांनी त्यावर भांडण केलं नाही. मशीनच्या मागून सतत गरम वारा येतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिथं सांडगे वाळत घालायला सुरुवात केली. अण्णा हवालदिल झाले. शेवटी मशीनपासून हातभर अंतर राखायचं या अटीवर तह झाला.

अण्णा हे सगळं कशासाठी करायचे, तर एका डेटाबेससाठी. माहिती साठवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा काढून द्यायचं काम करणारं हे सॉफ्टवेअर जगभरातली माणसं मिळून लिहितात. सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. कुणी काही बदल पाठवला की तो अण्णांच्या खोलीतल्या तीन मशीनवर जायचा. एक आपलं नेहमीचं, एक मोबाइलमध्ये असते तसल्या चिपचं, आणि एक म्हातारीचं. तिन्ही कंपायलरांनी मान डोलावली तरच अण्णा हो म्हणायचे.

मीही त्या प्रकल्पात होतो. सेवाभाव वगैरे काही नाही. नोकरीच्या अर्जात लिहायला बरं दिसतं म्हणून. मराठी नावं बाराखडीच्या क्रमानं लावण्याचा एक नवा भाग मी लिहिला होता आणि तो पाठवून अभिनंदनाची वाट बघत होतो. उत्तर आलं ते नामंजुरीचं. खाली सही होती मल्लिनाथ, सोलापूर. मी मेल तसाच उघडा ठेवून खाली गेलो.

"अण्णा, हे तुम्ही?"

"व्हय. आणि ते तुमी?" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "चहा घ्या आधी."

"पण माझ्याकडं चालतंय," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य माणूस बाळपणी शिकतो आणि निवृत्तीपर्यंत वापरतो.

"तुमच्याकडं चालतंय. मग डेटाबेस तुमच्याकडंच ठेवू की. जगाला कशाला द्यायचा?"

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांची नावं घालून त्यांनी माझा कोड चालवला होता. माझ्यासारख्याच मशीनवर नावं ओळीनं उभी होती. उरलेल्या दोन्हींवर मराठी नावांचा नुसता ढीग पडला होता. कारण सांगताना माझे कान गरम झाले. अक्षर ठेवायचा जो छोटा खाना असतो, त्यात माझ्या मशीनवर शून्याखालचा आकडा बसतो. त्या दोन मशीनवर शून्याखालचं काही बसतच नाही. आणि मराठी अक्षर मी त्या शून्याखालच्या आकड्यावरूनच ओळखत होतो, म्हणजे माझी सगळी इमारत शून्याखाली उभी होती.

"दोघांकडं बिघडलं," अण्णा म्हणाले, "पण आधी तोंडानं सांगितलं कुणी? म्हातारीनं. ही बघा कुरकुर. 'ही अट कधीच खरी व्हायची नाही' म्हणून सांगतीय ती. लोकांच्या मोबाइलात जाऊन नावं गायब झाली असती. एवढं तुमच्या कंपनीतलं कोण सांगत होतं का?"

कंपनीत माझं पद सीनिअर आहे. हे मी त्या वेळी बोललो नाही.

अशी आमची गट्टी जमली. म्हणजे मी चुका करायचो आणि अण्णा त्या पकडायचे. मला वाटतं दोघांनाही त्यात आनंद होता, त्यांना जरा जास्त.

पण म्हातारीचे दिवस भरत आले होते. सॉफ्टवेअर लिहायची भाषाही बदलत असते. प्रकल्पातल्या तरुण मंडळींना नव्या सोयी वापरायच्या होत्या आणि त्या म्हातारीला कळत नव्हत्या. मग प्रत्येक ठिकाणी तिच्यासाठी वेगळा वळसा घालावा लागायचा. रस्ता सरळ, पण म्हातारी आली की जरा बोळातून. असे बोळ फार झाले. कुणीतरी सुचवलं, ह्या कंपायलरचा आधार आता काढून टाकू. अण्णांनी लिहिलं, थोडं थांबा. काही महिन्यांनी पुन्हा विषय निघाला. अण्णांनी पुन्हा लिहिलं, थोडं थांबा. त्यांचा मान मोठा, म्हणून सगळे थांबले. पण आता चरफडत होते. एकानं तर लिहिलं, एका माणसाच्या घरातल्या पेटीसाठी सगळ्या जगानं किती दिवस थांबायचं.

सगळ्यात जास्त मी चरफडत होतो, कारण नावांचा तो भाग मी नव्यानं लिहिला होता आणि तो म्हातारीपाशीच अडकला होता. शेवटी मी मुद्दे काढले, आरशासमोर दोनदा म्हणून बघितले आणि अण्णांना समजवायला खाली गेलो. पहिल्याच मुद्द्यावर अण्णा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." दुसऱ्यावरही तेच. तिसरा मी बोललोच नाही. इतक्या तयारीनं गेलेल्या माणसाला समोरच्यानं लगेच कबूल होणं फार अपमानकारक असतं.

"मग काढायचं का नाही?" मी विचारलं.

"ओलेला विचारल्याशिवाय कसं काढणार?"

अक्का दारात गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्या ओलेचं नाव मी लग्नाच्या पोरीएवढी वर्षं ऐकते. सोलापुरात कुणी ओलं असतंय का?"

ओले हे नॉर्वेतल्या एका गृहस्थांचं नाव. त्यांच्याकडंही हेच मशीन होतं. म्हातारीला ह्या डेटाबेसमध्ये आणायचं काम ओले आणि अण्णांनी मिळून केलं होतं. अण्णा तेव्हा कारखान्यातून सुटले की घरी येऊन लिहीत बसायचे. तिकडून ओले लिहायचे. नंतर वर्षानुवर्षं मेल चालू राहिले. त्यात कोड असायचा आणि शेवटी एक ओळ हवामानाची. ते लिहायचे, इथं बर्फ आहे. अण्णा लिहायचे, इथं नाही. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. आणि आता वर्षभरापेक्षा जास्त दिवस ओलेंचं उत्तर नव्हतं.

"मशीन त्याच्याकडं असंल," अण्णा म्हणाले. "आजारी असंल. उठून बसला आणि नवी आवृत्ती लावायला गेला तर काय म्हणंल? मल्लिनाथ असताना माझं दार बंद झालं?"

मग, काहीतरी उपयोगी पडावं म्हणून, मी प्रकल्पातल्या जुन्या लोकांना लिहून ओलेंच्या मुलीचा पत्ता लावला. तिचं नाव इंग्रिड. तिनं कळवलं, बाबा वृद्धाश्रमात आहेत, फारसं आठवत नाही, पण रविवारी मी जाते तेव्हा व्हिडिओवर बोला.

अण्णांनी मला दुभाष्या म्हणून बसवलं. "लिहायला येतंय मला. बोलायची सवय न्हाय. तुमी रोज परदेशी लोकांशी बोलता." मीही छाती काढून बसलो. दुपारी स्क्रीनवर इंग्रिड आली आणि तिच्या शेजारी लोकरी स्वेटरातले एक कृश गृहस्थ, खिडकीबाहेर बघणारे. मी कंपनीतल्या इंग्रजीत प्रास्ताविक केलं. ते इतकं लांबलं की इंग्रिडनं परत सांगायला सांगितलं. मी परत सांगितलं. तिनं वडिलांकडं वळून त्याचा एका शब्दात उलथा केला.

ओले त्यांच्या वळणाच्या इंग्रजीत काहीतरी बोलले. मला अक्षर कळलं नाही. मी "सॉरी" म्हणालो, पुन्हा "सॉरी" म्हणालो. तोवर अण्णांनी उत्तर देऊनही टाकलं होतं.

"तुम्हाला कळलं?"

"का नाही कळणार? इतकी वर्षं वाचतोय त्याला. वाक्य 'पण'नं सुरू करतोय, पहिल्यापासनं."

तेवढ्यात अक्का पदराला हात पुसत आल्या आणि स्क्रीनमध्ये वाकून बघितलं. "हेच का ओले?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "हे तर पार वाळलेत की."

कुणी हसलं नाही. अक्कांनाही हसवायचं नव्हतं.

अण्णांनी सावकाश, एकेक शब्द ठेवत आपलं नाव सांगितलं. सोलापूर म्हणून सांगितलं. ओलेंचा चेहरा तसाच राहिला. त्यांना अण्णा आठवत नव्हते. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडं, आणि म्हातारीचं खरं नाव, त्या कंपायलरचं, उच्चारलं. ओलेंनी मान वळवली. पहिल्यांदा आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, अजून बिल्ड होतंय का?

"होतंय," अण्णा इंग्रजीत म्हणाले. "एकही वॉर्निंग नाही."

ओले हसले. मान डोलावत राहिले, जसं कुणी घरच्यांची खुशाली ऐकावी.

नंतर इंग्रिडनं सांगितलं की घर विकलं तेव्हा ते मशीन भंगारात दिलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत बाबा रस्त्यावर उभे होते. अण्णांनी झोप लागते का, जेवण जातं का, एवढं विचारलं.

त्यानंतर काही दिवस अण्णा जिन्यात भेटले नाहीत. किती वाजले असं मला कुणी विचारलं नाही. मग एका सकाळी प्रकल्पात त्यांचा बदल आला. म्हातारीचा आधार काढून टाकणारा. प्रत्येक वळसा, प्रत्येक बोळ त्यांनी स्वतः शोधून, हलक्या हातानं बुजवला होता. एक ओळ इकडची तिकडं नाही. कारण म्हणून एवढंच लिहिलं होतं, की आता कुणी वापरत नाही. लोकांनी आभार मानले. माझा अडकलेला भाग त्याच आठवड्यात मंजूर झाला आणि मी, खोटं कशाला बोलू, पेढे आणले.

पेढे घेऊन खाली गेलो तर मागच्या खोलीत कूलर चालू. म्हातारीचं मशीनही चालू, सांडगे हातभर अंतरावर. मी गोंधळलो.

"अण्णा, हे तर आपण काढलं ना?"

"प्रकल्पातनं काढलं. घरातनं कुटं काढलं?" त्यांनी पेढ्याचा एक तुकडा तोंडात टाकला. "सगळ्यांना ताण कशाला. शेवटची आवृत्ती ठेवलीय मी माझ्यापुरती. ती हिच्यावर बिल्ड होतीय."

"पण कशासाठी?"

"रविवारी तो विचारतोय की."

तेव्हा मला कळलं की त्या पहिल्या दुपारनंतर अण्णा दर रविवारी फोन लावत होते. दुभाष्याशिवाय, अर्थातच. ओलेंना आधीचा रविवार आठवत नाही. दर वेळी म्हातारीचं नाव निघालं की तोच प्रश्न येतो. आणि दर रविवारी सकाळी अंघोळ, पूजा झाली की अण्णा सगळं बिल्ड पहिल्यापासून करतात. म्हातारीला त्याला दुपार होते. तोवर ते जेवत नाहीत.

मी व्यवहारी माणूस आहे. म्हणालो, "अण्णा, त्यांना लक्षात राहत नाही. नुसतं होतंय म्हणून सांगितलं तरी काय बिघडतंय? एवढ्या उकाड्यात मशीन तापवायचं."

अण्णांनी माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा घेऊन अक्कांकडं दिला.

"न होता होतंय म्हणून कसं सांगू?" ते म्हणाले. "एकच तर गोष्ट विचारतोय तो."

हल्ली रविवारी दुपारी मीही खाली जाऊन बसतो. मला बोलायला मनाई आहे, आणि ते बरंच आहे. अक्का चहा ठेवतात. अण्णा शर्टाचं वरचं बटण लावतात, पडद्यावरची ओळ वाचून बिल्ड झाल्याची खात्री करतात आणि फोन लावतात. थोड्या वेळानं तिकडची खिडकी दिसते, मग स्वेटर, मग ओले. ते आमच्याकडं परक्यासारखं बघतात आणि सभ्यपणे विचारतात, आपण कोण?

अण्णा खुर्ची पुढं ओढतात आणि पहिल्यापासून सांगायला लागतात.